सत्त्या किती वाजता आल्या

यांबोल, गुरुवार, २ नोव्हेंबर

नखांनी ओढलं की कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा निघतो, खालचा दाराला चिकटून राहतो, म्हणून मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खाली आलो होतो. फोटोतल्या नेदाच्या कपाळापर्यंत खरवडून झालं होतं, तेवढ्यात पेनाबाई जिना उतरून आली.

"मास्तर! बायकोचा कागद फाडताय?"

"मागच्या वर्षीचा आहे. पावसाने गेलाय."

"पावसाने गेला तर पाऊसच नेईल. माणसाने हात लावायचा नसतो. आणि तोही सुरीने!"

"पंधरा दिवसांत नवा लागेल. जागा नको का?"

"दार केवढं आहे! त्या कोपऱ्यात माझा नवरा नऊ वर्षं आहे. त्याला लावलाय मी कधी हात?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाव नाही म्हणून राग काढताय होय."

बिल्याना, राग नाही. दरवर्षी अठरा तारखेला तू सकाळी बुर्गासहून येतेस. आईचा फोटो छापलेला कागद खालच्या दाराला लावतेस आणि वर न येता जातेस. तिसऱ्या मजल्यावर मला तुझ्या खळीच्या ब्रशचा आवाज येतो. मी खिडकीशी जात नाही. तू गेल्यावर खाली उतरतो आणि वाचतो. एक वर्ष झालं, दोन वर्षं झाली, पाच वर्षं झाली. शोकाकुल: मुलगी बिल्याना, बहीण रुमेना. बस. नवा पोस्टमन मागच्या वर्षी पेनाबाईला विचारत होता की तिसऱ्या मजल्यावरचे मास्तरही वारले का. ती म्हणाली, "अजून नाही."

या वर्षी माझं नाव घाल. पहिलं नको, शेवटचं चालेल. आणि कबरीपाशी तुम्ही आईच्या नावाने शिजवलेले गहू वाटता तेव्हा मला उभं राहू दे. मागणं एवढंच आहे.

आई गेली त्या दिवशी मी दवाखान्यात उशिरा का पोचलो, ते चाकाचं मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. सव्वादोनला रुमेनाला निरोप पाठवला, निघालो म्हणून. निघालोच होतो. सीमेजवळच्या त्या पोकर स्पर्धेतल्या चिप्स टेबलावर तशाच सोडल्या. टोपोलोव्हग्रादच्या अलीकडे चाक पंक्चर होऊन बसलं. त्या रस्त्याला शनिवारी दुपारी चिटपाखरू नसतं. चाकातून निघालेला खिळा मी तुला दाखवलाही होता. तू हातात घेऊन पाहिला होतास.

त्या दिवसानंतर मी स्पर्धेला गेलेलो नाही.

बाबा


मंगळवार, ७ नोव्हेंबर

तुझं पत्र आलं. सहा वर्षांतलं पहिलं. पाकीट उघडायला मी अर्धा तास घेतला आणि वाचायला अर्धा मिनिटही लागलं नाही.

"ग्रोझ्दानकाका इथे बाजारात भेटले. तुमच्या सत्त्यांची गोष्ट सांगितली. समोर दाताचा डॉक्टर, शेवटच्या पानावर एक्का. त्या सत्त्या तुम्हाला किती वाजता आल्या, तेवढं लिहा. मग नावाचं बघू."

ग्रोझ्दान घोळ घालतो. पंचवीस वर्षं आम्ही एकाच गाडीने स्पर्धांना जात होतो. त्याच्या डोक्यात त्याचे पत्ते आणि माझे पत्ते कधीच वेगळे राहिले नाहीत. हातात कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा येते आणि नेमकी सत्तीची जोडी दोनशे एकवीस डावांत एकदा. पंचवीस वर्षांत मला किती सत्त्या आल्या असतील, तूच हिशोब कर. तुला हिशोब मीच शिकवला.

आठवतं का? तू दहा वर्षांची होतीस. स्वयंपाकघरातलं टेबल, चिप्सऐवजी पांढरा घेवडा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच; आधी तीन उघडायची, मग एकेक. दुर्रीपासून छक्कीपर्यंत लहान जोडी, सत्तीपासून दश्शीपर्यंत मधली. त्यावरच्या जोड्यांना शिकवणी लागत नाही. त्या मूर्खालाही खेळता येतात. माणसाची परीक्षा लहान आणि मधल्या जोड्यांत होते, कारण त्या दिसायला छान असतात. दोन सारखी पानं हातात आली की वाटतं, आपल्याला काहीतरी मिळालं. मिळालेलं काहीच नसतं. समोरच्याकडे दोन मोठी पानं असली, वेगवेगळी असली, तरी तुझी जोडी त्याच्यापुढे निम्म्याहून जराशीच वर असते. मधल्या पानांत एक राजा, एक राणी पडली की तीही गेली.

मी तुला तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. घेवड्याचा ढीग मोठा असेल, तुझा आणि समोरच्याचाही, तर चार दाणे देऊन मधली तीन पानं बघायची. तिसरी सत्ती आली तर त्याचा सगळा ढीग आपला, नाही आली तर पत्ते टाकायचे आणि चार दाणे विसरायचे. ढीग लहान असेल तर बघण्याची चैन नाही. एक तर सगळं पुढे ढकलायचं, नाहीतर पत्ते टाकायचे. आणि बक्षिसाची रेषा जवळ आली, एकदोन माणसं बाहेर पडली की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, अशी वेळ आली, तर स्वतः ढकललं तर ढकललं, पण दुसऱ्याने सगळं ढकललं असताना अशी जोडी घेऊन त्याला भिडायचं नाही. ढकलणाऱ्याला आशा असते की समोरचा पत्ते टाकील. भिडणाऱ्याकडे नुसते पत्तेच असतात.

नेदा चुलीशी मिरच्या भाजत होती. मागे न वळता तिने विचारलं,

"तिसरी कितीदा येते?"

"आठात एकदा."

"आणि सातदा?"

"सातदा टाकायचे."

"टाकवतात तुला?"

"टाकवतात म्हणून तर दरवर्षी तुला समुद्रावर नेतो."

"हं," ती म्हणाली. तुला म्हणाली, "बिले, हात धू, ते दाणे शिजवायचे आहेत मला."

ग्रोझ्दान कुठल्या सत्त्यांबद्दल बोलत होता ते मला नक्की आठवत नाही. वेळ तर नाहीच आठवत.

बाबा


शुक्रवार, १० नोव्हेंबर

मी ग्रोझ्दानला फोन केला.

"काय सांगितलंस तिला?"

"कुणाला?"

"बिल्यानाला. बुर्गासच्या बाजारात."

"अरे, ती मासे घेत होती. म्हटलं, ओळखलंस का? ओळखलं तिने. मग काय बोलणार? तुझ्याबद्दल बोललो. म्हटलं, तुझा बाप म्हणजे सोनं, पण त्या सत्त्यांनी खाल्ला त्याला."

"कुठल्या सत्त्या?"

"मास्तर, मला विचारतोस? अरे, ती गोष्ट तू बाराव्यांदा सांगितलीस तेव्हा मी मोजणं सोडलं. डॉक्टरचा एक्का-गुलाम, मध्ये नव्वी, चव्वी, दुर्री, मग राजा, आणि शेवटी तो हरामखोर एक्का. चौकटचा. मी झोपेत म्हणून दाखवीन!"

"तिला का सांगितलंस?"

"मला काय माहीत लपवायची आहे? हरल्याची गोष्ट कुणी लपवतं का?"

हे खरं आहे. जिंकलेले डाव आम्हाला आठवत नाहीत. हरलेला डाव सांगितल्याशिवाय उतरत नाही, आणि सांगूनही उतरत नाही. आमच्यातला प्रत्येक जण असा आहे. भेटला की दुसऱ्याचं ऐकून घेतो, कारण त्यानंतर आपली पाळी असते. ग्रोझ्दानला मी ती गोष्ट पहिल्यांदा कधी सांगितली ते आज आठवलं. नेदाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात. तू समोर बसली होतीस, रुमेनाच्या बाजूला. मी त्याच्या कानाशी वाकून सांगत होतो आणि त्याने पावाचा तुकडा खाली ठेवून माझा खांदा दाबला होता. तुला वाटलं असेल, सांत्वन करतोय. तो सांत्वनच करत होता. एक्क्याबद्दल.

तर लिहितो. त्या सत्त्या त्याच दिवसाच्या.

दोन दहाला सुट्टी झाली. फोन बघितला. रुमेनाचे अकरा फोन आणि एक निरोप: आता नीघ, डॉक्टर म्हणतात आज काही खरं नाही. मी उलट लिहिलं, निघालो. कोट खुर्चीवर होता. कोट घ्यायला टेबलापाशी गेलो, तर पत्ते वाटून झाले होते. माझ्यापुढे दोन पानं होती. बसलो. म्हटलं, एक फेरी. माझ्या चिप्स तशाही थोड्या होत्या. सुटायचंच होतं, तर उठून सुटण्यापेक्षा ढकलून सुटावं. जिंकलो तर जिंकलो, हरलो तर मोकळा. पाऊण तासात सत्त्या आल्या. दाताच्या डॉक्टरने सगळं ढकललं, मी भिडलो, हरलो. मला मोकळं व्हायचं होतं, म्हणून भिडलो. तीनला गाडीत होतो. मग चाक.

पाऊण तास. तो मी तुझ्यापासून लपवला. चाक बसलं नसतं तर पाचपर्यंत पोचलो असतो. नेदा पाच चाळीसला गेली.

आता नाव घालशील ना?

बाबा


मंगळवार, १४ नोव्हेंबर

तुझं दुसरं पत्र टेबलावर आहे. ते मी उतरवून घेतो, म्हणजे मला दुसरं काही वाचल्याचं सोंग करता येणार नाही.

"मावशीने तुमचा निरोप मोठ्याने वाचला. निघालो. आईने ऐकला. त्यानंतर ती विचारत राहिली, कुठवर आला. तुमचा फोन बंद होता. मी तिला गावांची नावं सांगत गेले. आता टोपोलोव्हग्रादला असतील. आता एल्खोवो आलं असेल. आता बोयानोवो. गावं लवकर संपायला लागली म्हणून मी मधली खेडी घातली, तीही दोनदा दोनदा. सव्वाचारला यांबोल आलं म्हणून सांगितलं. आता खाली गाडी लावत असतील. ती दाराकडे बघत होती. पाचनंतर तिने विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते. बाबा, पाऊण तास नव्हता तो. वेळ लिहा."

वेळ लिहितो.

चार बावीस.

फोन मी बंद केला. टेबलावर फोन बाजूला ठेवला तरी चालतो, बंद करावा असा नियम नाही. निरोप पाठवला आणि लगेच बंद केला, कारण आता निघालोय असं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या माहितीत माझं एक काम झालं होतं.

बावीस जण उरले होते. अठरांना बक्षीस होतं. चार माणसं बाहेर पडायची होती. रक्कम सांगण्यासारखी नव्हती. तुझ्या आईच्या खाटेपुढे ठेवण्यासारखी तर कुठलीच रक्कम नसते. पैशांसाठी बसलो असतो तर मला आज सांगायला सोपं गेलं असतं.

आता त्या खुर्चीचं सांगतो, कारण तिच्याबद्दल मी ग्रोझ्दानलाही कधी सांगितलेलं नाही.

माझ्या डाव्या हाताची चार नंबरची खुर्ची रिकामी होती. तिथे सकाळी थानासिस नावाचा ग्रीक बसला होता, सीमेपलीकडच्या ओरेस्तियादाचा, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा. टेबलावरचा सगळ्यात मोठा ढीग त्याचा होता. बाराच्या सुमारास त्याला फोन आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, तीन आठवडे आधी. तो उभा राहिला.

दाताचा डॉक्टर म्हणाला, "अरे बस! एवढा ढीग टाकून कुठे चाललास? बाळ काय पळून जातंय?"

"ढीग तरी कुठे पळून जातोय?" थानासिस म्हणाला. त्याने कोटसुद्धा नेला नाही.

तुला हा नियम माहीत आहे. माणूस उठून गेला तरी त्याच्या चिप्स टेबलावर राहतात. दर डावाला त्याला पत्ते वाटतात आणि लगेच परत घेतात. दर फेरीत त्याच्या ढिगातून ठरलेल्या चिप्स कापतात. बाकी कुणी त्याला हात लावत नाही. आम्ही त्या खुर्चीची चेष्टा करत होतो.

"चार नंबर फार घट्ट खेळतोय आज."

"शहाणा आहे. सकाळपासून एक चूक केलेली नाही."

"मास्तर, तुमचा विद्यार्थी दिसतो."

मी हसलो. दोन सतराला मी परत येऊन बसलो होतो आणि हसलो होतो.

त्या दोन तासांत मला पाच जोड्या आल्या. पहिली चव्व्यांची. पुढे दोघांनी वाढवलं होतं, टाकली. मग तिर्र्या. चिप्स चौदा ब्लाइंडपुरत्या होत्या, म्हणजे सक्तीची मोठी भरती चौदा वेळा भरता येईल एवढ्याच. त्यात स्वस्तात बघण्याची चैन नव्हती, टाकल्या. मग अठ्ठ्या. माझ्या आधी सगळ्यांनी पत्ते टाकले होते, म्हणून मी सगळं ढकललं. कुणी भिडलं नाही, चार चिप्स मिळाल्या. त्या पुढच्या फेऱ्यांत कापल्या गेल्या. मग छक्क्या. डॉक्टरने सगळं ढकललं होतं. मी क्षणभर थांबलो आणि टाकल्या. त्याने पानं उलटून दाखवली, दोन राण्या.

"कसं टाकता हो मास्तर?" तो म्हणाला. "मला नसतं जमलं."

बिल्याना, त्या वेळी मला काय वाटलं ते लिहितो. मला स्वतःचा अभिमान वाटला. घड्याळात तीन चाळीस झाले होते. तू एल्खोवोपर्यंत आली होतीस.

दवाखान्यात गेल्यावर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. आदल्या आठवड्यात मी रोज तिथे बसत होतो. नेदा माझ्याकडे बघायची आणि मी सलाइनचे थेंब मोजायचो. तिचा हात धरला तर तो दुखायचा, सोडला तर ती बघायची. काय बरोबर, काय चूक, सांगणारं कुणी नव्हतं. टेबलावर प्रत्येक पानाला एक बरोबर उत्तर होतं आणि ते मला येत होतं. म्हणून बसलो. मोकळं होण्यासाठी भिडलो हे मी तुला शुक्रवारी लिहिलं, ते ऐकायला बरं होतं. मला मोकळं व्हायचं नव्हतं.

चार वाजता एकोणीस जण उरले. एक माणूस गेला की बाकी सगळ्यांना बक्षीस. आता डाव अगदी हळू चालतात, सगळ्या टेबलांचा एक डाव संपेपर्यंत पुढचा सुरू होत नाही. माझ्याकडे अकरा ब्लाइंड होते. दुसऱ्या टेबलावर एका बाईकडे दोनच उरले होते. मी पुढचे चार डाव नुसते पत्ते टाकत बसलो असतो तर तीच गेली असती. थानासिसचा ढीग विटेएवढा होता, तो आता बोटाएवढा झाला होता.

चार बावीसला डॉक्टरने पुन्हा सगळं ढकललं. माझी पाळी. दोन सत्त्या, इस्पिक आणि बदाम.

नियम तुला पाठ आहे. दहा वर्षांची असताना तू हे पत्ते टाकले असतेस. मीही त्याआधी चार जोड्यांबाबत नियम पाळला होता. पण चारदा नियम पाळला की माणसाला वाटतं, पाचवी आपल्या हक्काची आहे. सातदा टाकल्यावर आठव्यांदा येतेच, असं त्याला वाटायला लागतं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत होतो की पत्त्यांना मागचं आठवत नसतं. मी भिडलो.

पुढचं तुला ग्रोझ्दानने सांगितलंय. चौथ्या पानापर्यंत मीच पुढे होतो. पाचवं पान एक्का.

मग टाळ्या झाल्या. तुला बहुधा हे माहीत नसेल, तू कधी स्पर्धेला आली नव्हतीस. रेषेच्या अलीकडचा शेवटचा माणूस पडला की उरलेले सगळे टाळ्या वाजवतात, एकमेकांचे हात हातात घेतात, कारण आता कुणीच रिकाम्या हाती जाणार नसतो. पडलेल्याच्या अंगावर कुणी हसत नाही. ते नुसते खूश असतात. मी कोट घालत होतो आणि सबंध दालन टाळ्या वाजवत होतं. पत्ते वाटणाऱ्या बाईने चार नंबरच्या खुर्चीपुढे बक्षीसपात्र झाल्याची चिठ्ठी ठेवली. डॉक्टरने खुर्चीची पाठ थोपटली. "शाब्बास चार नंबर!"

मी सव्वादोनला उठलो असतो तर माझी खुर्चीही तिथवर पोचली असती. चौदा ब्लाइंड तेवढे पुरले असते. मी घरी येऊन कागदावर पाच वेळा मांडून पाहिलं. रिकाम्या खुर्चीला सत्त्या आल्या असत्या आणि बाईने त्या परत घेतल्या असत्या. माझ्या तिथे बसण्याने फक्त एवढंच झालं की मी हरलो.

चार अठ्ठावीसला गाडी सुरू केली. साडेसहाला दवाखान्यात आलो. तू जिन्यात बसली होतीस. तू विचारलंस, "कुठे होतात?" आणि मी म्हणालो, "चाक."

तो शब्द मी ठरवून आलो नव्हतो. चाक चांगलं होतं. रविवारी सकाळी, तू आणि रुमेना नेदाचे कपडे निवडत होता, तेव्हा मी खाली जाऊन हातोडीने चाकात खिळा मारला. मग तो काढला आणि रुमालात बांधून तुझ्याकडे आणला. तू तो हातात घेऊन पाहिलास. मला म्हणालीस, "बाबा, तुमचा हात कापलाय." आणि औषध लावलंस.

आता तुझ्याकडे सगळं आहे. नावाचं मी पुन्हा विचारत नाही.

बाबा


शुक्रवार, १७ नोव्हेंबर

हे पोस्टात टाकणार नाही. उद्यापर्यंत पोचायचं नाही ते.

तुझं उत्तर नाही. आज रुमेनाचा मात्र फोन आला. सहा वर्षांत तिचाही पहिलाच. "उद्या दहाला," ती म्हणाली. "कबरीपाशी. तिने कळवायला सांगितलंय." मी विचारलं, "मी यावं असं ती म्हणाली का?" "दहाला म्हणाली. एवढंच म्हणाली. माझ्याकडून जास्त काढू नकोस." मग शेवटी, "तो निरोप मी मोठ्याने वाचायला नको होता," असं म्हणाली आणि फोन ठेवला.

दार मी स्वच्छ केलं. गरम पाण्याने, सुरी न लावता. पेनाबाई खुर्ची आणून शेजारी बसली आणि मी कसं चुकीचं पुसतोय ते सांगत राहिली. तिच्या नवऱ्याच्या कागदाला पाणी लागू दिलं नाही.

"आता घालेल ती नाव?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"नाही घातलं तर?"

"तर बाकीच्यांची वाचीन."

"मी घातलं असतं," ती म्हणाली. "नवऱ्याशी पटत नव्हतं तरी मी आमच्या कागदावर माझं नाव पहिलं घातलं. पण तुम्ही काय केलंत ते मला माहीत नाही."

मी सांगितलं नाही. मला सांगावंसं वाटलं आणि तोंडात पहिली वाक्यं आली ती पत्त्यांचीच होती. नव्वी, चव्वी, दुर्री. म्हणून फडकं पिळलं आणि दार पुसत राहिलो.


शनिवार, १८ नोव्हेंबर

सकाळी पावणेसातला ब्रशचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. गाडी गेल्यावर खाली उतरलो.

कागद ओला होता. फोटो नवा आहे, समुद्रावरचा. तीन नावं आहेत: पती असपारुख, मुलगी बिल्याना, बहीण रुमेना. तारखेपुढे या वर्षी पहिल्यांदा वेळही छापली आहे. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं.

पेनाबाईने चष्मा लावून वाचलं. "वेळ कशाला छापली? वेळ कुणी छापतं का?"

"छापतात," मी म्हणालो.

साडेआठला मी दफनभूमीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बोलावणं दहाचं होतं.